पहिल्या पाच आठवड्यांची वही

कोल्हापूरची एक चोवीस वर्षांची मुलगी फेब्रुवारीत मेघालयात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून गेली. पिनुर्स्लाच्या खाली, बांगलादेशाच्या मैदानाकडे उतरणाऱ्या डोंगरावरचं खासी गाव, चार खोल्यांची शाळा आणि गावातल्याच एका घरी राहणं. पाच आठवड्यांनी तिचं मला लांबलचक पत्र आलं. त्याचा सारांश असा: "ताई, इथे येता-जाता प्रत्येक जण 'कुठे चाललीस' विचारतो, पाळत ठेवल्यासारखं वाटतं. सगळे दिवसभर पान-सुपारी चघळतात, मलाही देतात, मी नको म्हणते. पोरं वर्गात तोंड उघडत नाहीत, आणि कधी सोमवारी तर कधी बुधवारी अर्धा वर्ग गायब असतो. रविवारी गाव बंद. जेवणाला वास येतो. पण एक गोष्ट फार आवडली, इथे बायकांचं राज्य आहे. माझे हे अनुभव बरोबर आहेत का? संस्थेच्या वार्षिक अंकासाठी लेख मागितलाय, हेच लिहू का?"

मी 2001 पासून खासी टेकड्यांत जाऊन-येऊन आहे. पहिली तीन वर्षं तिथे शिकवलं आणि त्यानंतर इथून जाणाऱ्या मुलामुलींची शिबिरं घेते. तिला पाठवलेलं उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी हे सांगते की तू जे पाहिलंस ते सगळं खरं आहे. लोक खरंच विचारतात, पोरं खरंच गप्प बसतात, वर्ग खरंच रिकामा होतो. पण प्रत्येक वाक्याला तू जो अर्थ जोडला आहेस, तो तू कोल्हापुरातून सोबत नेलास. पाच आठवड्यांत दुसरा अर्थ जवळ असणं शक्यच नाही, त्यामुळे यात तुझा दोष नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने लावलेलं, या दोन गोष्टी तेवढ्या वेगळ्या ठेवायला शिक. वर्षभर तुझं खरं काम हेच आहे, शिकवणं त्याच्या मागून येईल.

रिकाम्या वर्गापासून सुरू करते, कारण तिथे मी स्वतः सहा महिने चुकले होते. हजेरीपटावर गैरहजेऱ्या मांडत होते, आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असं लिहून मोकळी झाले होते. एके दिवशी घरमालकीण म्हणाली, "आज बाजार आहे ना." मी म्हटलं, बाजार तर मागच्या वेळी सोमवारी होता. ती म्हणाली, "हो, म्हणून आज मंगळवारी." खासी लोकांचा बाजाराचा आठवडा आठ दिवसांचा असतो, आणि त्या आठ दिवसांची नावंही वेगवेगळ्या बाजारांवरून पडलेली आहेत. शिलाँगचा मोठा बाजार इयेवदुह, त्याच्याही नावाचा वार आहे. म्हणजे गावचा बाजार आपल्या कॅलेंडरवर दर वेळी एक वार पुढे सरकतो. आपल्या 'आठवडा' शब्दातही आठ आहेत, पण आपण सातच मोजतो. त्यांनी आठ खरोखर मोजले. त्या दिवशी घरची पानं, सुपारी, तेजपत्ता वर रस्त्यापर्यंत पोचवायचा असतो, आणि मोठी मुलं पाठीवर खोह घेऊन निघतात. खोह म्हणजे शंकूच्या आकाराची बांबूची टोपली. तिचा पट्टा कपाळावर अडकवतात, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय तू पोचलीस तो हंगाम कुंच्याच्या गवताचा आहे. घर झाडायचा जो फुलझाडू आपण कोल्हापुरात विकत घेतो, त्याचं गवत याच उतारांवर होतं, आणि साधारण मार्चपर्यंत त्याची कापणी चालते.

माझ्या हजेरीपटातल्या खुणा खऱ्याच होत्या. त्या दर आठव्या दिवशी पडत होत्या, आणि सातांच्या चौकटीत बघणाऱ्या मला त्यात काही क्रमच दिसत नव्हता. तू आता मागच्या पाच आठवड्यांच्या गैरहजेऱ्या घे आणि आठ-आठ दिवसांनी मोजून बघ. मग मुख्याध्यापकांशी बोल. बाजाराच्या दिवशी नवा धडा घ्यायचा नाही, एवढं ठरलं तरी खूप झालं.

पोरांच्या गप्प बसण्याचं कारण मला पत्रातच दिसतंय. तू लिहिलंस की फोनवरून खासी शिकून आलीस. जी शिकलीस ती सोहऱ्याची खासी, म्हणजे ज्याला आपण चेरापुंजी म्हणतो तिथली बोली. 1841 मध्ये थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी सोहऱ्याला आला. त्याने त्या बोलीला रोमन लिपी दिली आणि पुढे तीच पुस्तकांची, शाळेची, चर्चची भाषा झाली. तुझं गाव मात्र 'वार' नावाच्या, मैदानाकडे उतरणाऱ्या दक्षिण उतारांच्या भागातलं आहे. खालच्या उतारांवरच्या वार बोली इतक्या वेगळ्या आहेत की पहिलीतल्या मुलाला शाळेतली खासीही शिकावी लागते. त्यावर इंग्रजी पुस्तक, आणि वर तुझे कोल्हापुरी उच्चार. तीन भिंतींपलीकडून तू प्रश्न विचारतेस आणि ते पोर उत्तर शोधत बसतं. मुलांना आधी त्यांच्या घरच्या बोलीतले शब्द तुला शिकवू दे. रोज दहा. तू चुकलीस की वर्ग हसेल, आणि हसला की बोलायला लागेल.

खासी भाषेत एकवचनी नामाच्या आधी बहुधा 'उ' किंवा 'का' येतो, पुरुष किंवा स्त्री. सूर्य तिथे स्त्री आहे, का स्ंगी. चंद्र पुरुष, उ ब्नाइ. मुलांना 'सूर्यदादा' असं काही शिकवायला गेलीस तर ती गोंधळतील. आणि ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही, हेही सांगून ठेवते. मेळघाटातले कोरकू जी भाषा बोलतात, ती आणि खासी एकाच मोठ्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या आपल्याच माणसांचं हे दूरचं नातं खासी टेकड्यांपर्यंत आणि पुढे कंबोडियापर्यंत जातं.

आता 'कुठे चाललीस'. "लेइत शानो?" असंच विचारतात ना? आणि दुपारी "ला बाम जा?" म्हणजे भात खाल्लास का? तुझ्या आजोळी पारावर बसलेले म्हातारे जाणाऱ्याला "काय, कुठं निघालाय?" म्हणतात, तेव्हा त्यांना पत्ता हवा असतो का? "जेवलाईसा?" विचारणारी शेजारीण ताट वाढायला निघालेली असते का? हे अभिवादन आहे. तू उत्तर म्हणून "इथंच" अशा अर्थाचा हात केलास तरी पुरे. पण उत्तर देताना थांब, आणि समोर बाई असेल तर 'काँग' आणि पुरुष असेल तर 'बाह' म्हण. ताई आणि दादा. चहाच्या दुकानातली बाई असो की आरोग्यसेविका, काँग म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करू नकोस.

क्वायबद्दल मात्र मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण तू रोज नकळत दुखावते आहेस. ओली सुपारी, विड्याचं पान आणि चुना, एवढंच ते असतं. घरात पाऊल ठेवणाऱ्याला आधी क्वाय. पूर्वी वाटेचं अंतरही त्यातच सांगत, अमुक गाव दोन क्वायवर आहे, म्हणजे जाईपर्यंत दोन चघळून होतील. एक जुनी गोष्ट सांगतात. एका गरिबाकडे त्याचा श्रीमंत मित्र आला, घरात द्यायला काहीच नव्हतं, त्या लाजेने नवरा-बायकोने जीव दिला. ते बघून मित्रानेही दिला, आणि चोरी करायला आलेल्या चोराने, आपल्यावर आळ येईल म्हणून, आपलाही जीव दिला. देवाने त्यांचं पान, सुपारी, चुना आणि तंबाखू केलं, की यापुढे गरिबाच्या घरीही पाहुण्याला द्यायला काहीतरी असावं. आणि माणूस गेला की म्हणतात, तो देवाच्या दारी क्वाय खातोय. 'बाम क्वाय हा द्वार उ ब्लेइ.' त्यातला 'द्वार' आपलाच आहे, ओळखलास ना?

तुझं गाव तर ती पानं आणि सुपारी पिकवणारंच गाव आहे. सुपारीच्या झाडांवर पानवेली चढवलेल्या तू रोज बघत असशील. कोल्हापुरात उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी पुढे केलं आणि त्याने ताट बाजूला सारलं, तर तुझ्या आजीला काय वाटेल?

पण खायलाच हवी असं मी म्हणणार नाही. सुपारी हा कर्करोगकारक पदार्थ आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये स्पष्ट नोंदवलं आहे, आणि तंबाखू नसली तरीही. पूर्व खासी हिल्स जिल्हा अन्ननलिकेच्या कर्करोगात देशातल्या सगळ्यात वरच्या जिल्ह्यांमध्ये येतो. तिथल्या डॉक्टरांना आणि शिक्षकांना हे माहीत आहे, ते बोलतातही. ते त्यांचं बोलणं आहे. पाच आठवड्यांच्या पाहुणीने दारात उभं राहून ते बोलू नये. माझी पद्धत अशी आहे: दोन्ही हातांनी घ्यायची, "खुब्लेइ" म्हणजे आभार असं म्हणायचं आणि पदराच्या गाठीत किंवा पिशवीत ठेवायची. इतक्या वर्षांत कुणी कधी वाईट मानलं नाही. घेणं महत्त्वाचं आहे. एकदा चघळलीस तर सवय नसल्याने कान गरम होतील, घाम फुटेल, डोकं हलकं होईल, तेव्हा खाली बसूनच खा.

जेवणाचं थोडक्यात. तू तांबडा-पांढरा रस्सा असलेल्या घरातली आहेस, मांसाचा प्रश्न नाही, डुकराच्या मांसाचा आणि आंबवलेल्या-सुकवलेल्या वासांचा आहे. तुंगताप म्हणजे सुक्या मासळीची चटणी. मालवणात राहिलेल्या माणसाला ती दोन दिवसांत आवडेल. तुंगरिंबाइ आंबवलेल्या सोयाबीनची, तिला वेळ लागतो. नको ते सरळ सांग, "ङाम बाम दोह स्नियांग", मी डुकराचं मांस खात नाही. सांगणं अपमान नसतो, तोंड वाकडं करणं असतो. सकाळी लाल चहाबरोबर पुथारो मिळेल तो खाऊन बघ, तांदळाच्या पिठाचा, आपल्या घावनाच्या जवळचा. आणि संध्याकाळी सहा-सात वाजताच जेवण उरकतं याचा त्रास करून घेऊ नकोस. तिथे सूर्य कोल्हापूरपेक्षा साधारण तासभर ते दीड तास आधी मावळतो, घड्याळ मात्र एकच आहे. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. लोक घड्याळाऐवजी उजेड पाळतात. तूही पहाटे उठायला लाग, तुला जो संध्याकाळचा एकटेपणा वाटतोय त्यातला निम्मा झोपेच्या वेळा बदलल्या की जाईल. उरलेला निम्मा खरा आहे. तो मलाही होता, पहिल्या वर्षी रोज.

रविवारचं गाव बंद असतं कारण मेघालयात जवळपास तीन चतुर्थांश लोक ख्रिस्ती आहेत आणि रविवार देवाचा. पण सगळे नाहीत. जुना खासी धर्म पाळणारीही घरं आहेत, सेंग खासी ही त्यांची संघटना 1899 पासून आहे. एकाच कुळात दोन्ही असतात. त्यामुळे कुणाच्याही घरी प्रार्थनेबद्दल गृहीत धरून बोलू नकोस.

आता तुला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इथे मी तुला थांबवणार आहे, कारण आवडलेला गैरसमज मोडायला जास्त वेळ लागतो.

खासी समाज मातृवंशीय आहे, मातृसत्ताक नाही. मूल आईच्या कुळाचं, त्याला कुर म्हणतात. एकाच कुरमध्ये लग्न म्हणजे घोर पाप, आपल्याकडच्या सगोत्रापेक्षाही कडक. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो, निदान रीत तशी. वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं, तिला खड्डुह म्हणतात. हे सगळं तू ऐकलंस आणि 'बायकांचं राज्य' असं लिहिलंस. पण खड्डुहला घर मिळतं त्यासोबत काय मिळतं ते बघ: म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा, लग्न मोडून परत आलेला भाऊ, अनाथ भाचरं, पूर्वजांचे विधी. ते घर तिला मनाला येईल तसं विकता येत नाही. कुटुंबातल्या मोठ्या निर्णयांत आईच्या भावाचा, म्हणजे क्नी-चा, शब्द मोठा असतो. ती मालकिणीपेक्षा राखणदार जास्त आहे. माझ्या पहिल्या घरमालकिणीला शिलाँगला नोकरी लागली होती. ती गेली नाही, कारण ती धाकटी होती. ते सांगताना तिने तक्रार केली नाही, पण चुलीतल्या लाकडाशी बराच वेळ खेळत राहिली.

आणि गावचा कारभार? दोरबार श्नाँग म्हणजे गावसभा. तिचा प्रमुख रंगबाह श्नाँग, आणि 'रंगबाह' म्हणजेच प्रौढ पुरुष. परंपरेने त्या सभेत बायका बसत नाहीत. कोंबडी आरवली तर जग बुडेल अशा अर्थाची म्हण आहे तिथे. आता काही ठिकाणी हे बदलतंय, आणि दुसऱ्या बाजूला वारसा आईकडून नको, बापाकडून द्या म्हणणारी पुरुषांची संघटनाही 1990 पासून आहे. म्हणजे तिथेही वाद चालू आहेत, तिथले लोक स्वतः भांडत आहेत. तू त्यांच्यातल्या एका बाजूला टाळ्या वाजवत उतरलीस, ते कळण्याआधीच.

याचा अर्थ तुला दिसलेलं खोटं नाही. बाई दुकान चालवते, पैसा हातात ठेवते, मुलगी झाली की घर आनंदतं, रस्त्यावरून ताठ चालते. तू हे पाहिलंस आणि तुझ्यातलं काहीतरी सैल झालं. ते लिही. 'संध्याकाळी सात वाजता मी एकटी खालच्या पाड्यावरून वर आले आणि मला भीती वाटली नाही', हे वाक्य सोन्यासारखं आहे. 'इथे बायकांचं राज्य आहे' हे नाही.

एक अवघड गोष्ट पत्रात ओझरती आली आहे. शिलाँगच्या गाडीत कुणीतरी तुला 'ड्खार' म्हटलं. त्याचा अर्थ बाहेरचा, खासी नसलेला, मैदानातला. प्रत्येक वेळी तो शिवीसारखा वापरत नाहीत, पण त्यात राग असू शकतो. 1979 मध्ये आणि नंतर 1987 मध्ये शिलाँगमध्ये बाहेरच्यांविरुद्ध हिंसा झाली, अनेक कुटुंबं पिढ्यानपिढ्यांची घरं सोडून गेली. ते दुःख खरं आहे. आणि दुसरं भयही खरं आहे. 2011 च्या जनगणनेत खासी भाषा बोलणारे सुमारे 14 लाख होते. तुझ्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाखांहून जास्त. आपली माणसं, भाषा, जमीन वाहून जाईल ही भीती एवढ्या लहान समाजात घरोघरी असते. म्हणून 1971 च्या कायद्याने तिथली जमीन बाहेरच्याला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून डिसेंबर 2019 मध्ये विधानसभेने इनर लाइन परमिटची, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात येण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची, मागणी करणारा ठराव केला. तू एक मुलगी म्हणून गेलीस, पण त्या गाडीत तू एका मोठ्या मैदानाची प्रतिनिधी होतीस. मान खाली घालून बसू नकोस, वाद घालू नकोस. काँग म्हण, जागा दे, आणि उतरताना खुब्लेइ म्हण.

काही गोष्टी तुला ओळखीच्या वाटतील आणि तिथे पाय जास्त घसरतो. पावसाळ्यात बायका क्नुप घेऊन शेतात वाकलेल्या दिसतील. कासवाच्या पाठीसारखं, बांबू आणि पानांचं. तू म्हणशील, अरे, हे तर आपलं इरलं! हो, जवळपास तेच. आंबोली काय किंवा सोहरा काय, दोन्ही हात चिखलात असताना छत्री चालत नाही. तसंच मॉफलांगचं पवित्र रान, तू त्याला लगेच देवराई म्हणशील. म्हणायला हरकत नाही. पण माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने, आमच्या देवराईत पडलेलं फळ उचललेलं चालतं असं म्हणून, तिथली एक बी खिशात टाकली. तिथे पानही बाहेर नेत नाहीत. सोबतच्या म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, त्याने ती बी परत मागून घेतली, जागेवर नेऊन ठेवली आणि परतीच्या वाटेवर तो एक शब्दही बोलला नाही. सारखं दिसलं म्हणून नियमही सारखे असतील असं धरू नकोस.

पण पहिली नजर टाकाऊ आहे असं समजू नकोस. उलट तीच फार मोलाची आहे, कारण सहा महिन्यांनी ती जाते. माझ्या 2001 च्या वहीत पहिल्या आठवड्यात लिहिलेलं एक वाक्य आहे: 'इतका पाऊस पडणाऱ्या गावात बाया डबे घेऊन झऱ्यावर रांगेत.' सोहऱ्यात 1860 च्या ऑगस्टपासून 1861 च्या जुलैपर्यंत 26,461 मिलिमीटर पाऊस पडला, तो विक्रम अजून मोडलेला नाही. आणि तिथेच हिवाळ्यात पाणी नसतं, कारण माती धुऊन गेली, पाणी उतारावरून सरळ खाली जातं. मे महिन्यात मला त्या रांगेचं काही वाटेनासं झालं होतं, मीही डबा घेऊन उभी राहत होते. पुढे शाळेच्या पत्र्याचं पाणी साठवायचं काम आम्ही गावाबरोबर केलं. ते सुचलं याचं कारण ती वही पुन्हा उघडली. सरावलेल्या डोळ्यांना ते सुचलं नसतं.

तेव्हा वहीच्या पानाला मधोमध रेघ मार. डावीकडे फक्त पाहिलेलं: तारीख, वेळ, कोण, काय बोललं. उजवीकडे तुला वाटलेला अर्थ, पेन्सिलीने. डावीकडचं कधी खोडू नकोस. उजवीकडचं दर महिन्याला वाच, आणि गावातल्या किमान दोन माणसांना, एक बाई आणि एक पुरुष, विचारून बदल. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिही. मुलांचे फोटो कुठेही टाकू नकोस, निदान त्यांच्या आयांशी नीट बोलता येईपर्यंत.

लेखाचं म्हणशील तर संस्थेला कळव की तो नोव्हेंबरात देईन. त्यांना आत्ताच काही हवं असेल, तर डाव्या बाजूची चार पानं जशीच्या तशी पाठव, आणि पाठवण्याआधी तुझ्या घरमालकिणीला वाचून दाखव. तिला मराठी येत नाही, म्हणजे तुला ते तिच्या भाषेत सांगावं लागेल. दोन-तीन संध्याकाळी त्यातच जातील.